तीन तराफ्यांची टोपली

उराईच्या डाव्या हाताची बोटं आता भाजत नाहीत. म्हणजे भाजतात, तिला कळत नाही. तव्यावरचं तेल उडून बोटावर फोड आला, की तो संध्याकाळी भांडी घासताना तिच्या नजरेस पडतो आणि ती म्हणते, अरेच्चा, हा कधीचा?

पाक फानांग गावच्या नदीकाठच्या बाजारात ‘ला’ घालणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, डावरी मात्र ही एकटीच. बुडाला सुईएवढी भोकं पाडलेला डबा, त्यात तांदळाचं पीठ आणि ताडगूळ कालवून केलेलं पातळ मिश्रण. डबा तापल्या तव्यावर गरागरा फिरवायचा, की बारीक धारांची जाळी पडत जाते. ती घडी घालून काढायची, झाला ला. बाकीच्या बायकांचा डबा एकीकडून फिरतो, उराईचा उलटीकडून. पिशव्यांना मारलेल्या तिच्या गाठीही उलट्या बसतात. सुरुवातीला पिरोमने नाक मुरडलं होतं, गेलेल्यांना उलटी वस्त्रं कशी चालतील म्हणून. पिरोम म्हणजे शेजारची सुक्या मासळीवाली. तिला प्रत्येक गोष्टीवर मत असतं, आणि ते तिने स्वतःजवळ ठेवल्याचं अजून कुणी ऐकलेलं नाही.

वस्त्रं अशासाठी, की ला म्हणजे पितरांचं अंगावरचं वस्त्र. आणि दुसरा तो ‘फोंग’, चिकट भाताची तळून फुलवलेली पसरट वडी, तो त्यांचा तराफा. दहाव्या महिन्याच्या वद्य पक्षात पितरांना परलोकातून पंधरा दिवसांची रजा मिळते. ते घरी येतात, आणि अमावास्येला परत जाताना त्यांना शिदोरी द्यावी लागते. तांदूळ, मीठ, मिरच्या, सुकी मासळी, अंगावर घालायला ला आणि पाणी ओलांडायला फोंग. सगळं एका टोपलीत भरून देवळात न्यायचं. त्याची खरेदी त्रयोदशीला होते. त्या दिवशी बाजारात पाय ठेवायला जागा नसते, आणि जो तो दुसऱ्याच्या पायावर पाय ठेवून ‘माफ करा हं’ म्हणत पुढे सरकतो.

यंदाच्या त्रयोदशीला उराई पहाटेपासून तव्यापुढे होती. तिची सासू लामून शेजारी स्टुलावर बसून फोंग तळत होती. शहात्तर वर्षांची बाई, हात थरथरतात, पण झारा कुणाच्या हातात देईल तर शपथ. तिने आदल्या दिवशी सुनेला एकच गोष्ट सांगितली होती.

“यंदा वीनितचा तराफा टोपलीत नसेल तर मी देवळात येणार नाही. मग तू आणि तुझी टोपली.”

वीनित म्हणजे लामूनचा मुलगा, उराईचा नवरा. चार वर्षांपूर्वी पावसाळी वाऱ्यात तो कामाला होता ती मच्छीमार बोट बुडाली. बोटीवर सात माणसं होती. चौघांची प्रेतं किनाऱ्याला लागली, तिघांची नाही. त्या तिघांतल्या दोघांच्या घरच्यांनी वर्षभरात नावं देवळात दिली. भिक्खूंनी मंत्र म्हटले, नावाचा कागद जाळला, संपलं. वीनितचं नाव उराईने दिलं नाही.

“जिवंत माणसाच्या नावाने शिदोरी बांधायची?” ती म्हणायची. “आपणच त्याला मारायचं?”

“आणि मेला असेल तर?” लामून म्हणायची. “दरवर्षी सोडतात त्याला. बाकीचे आपापल्या टोपल्यांकडे जातात. माझा पोरगा देवळाबाहेर बेवारस मेलेल्यांसाठी अन्न मांडतात त्या मचाणावर हिसकाहिसकी करत असेल. लहानपणी पंगतीत मागे राहायचा तो. लाजरा. त्याला कुणी घेऊ देणार आहे?”

दोघींचंही बरोबरच होतं, त्यामुळे भांडण कधी मिटलं नाही.

बोट बुडाली तेव्हा उराई रडली नव्हती. कुणी म्हणालं धीराची आहे, कुणी म्हणालं दगड आहे. ती दोन्ही नव्हती. तिला काही वाटतच नव्हतं, आणि हे सांगायचं तरी कुणाला? सकाळी उठायची, पीठ कालवायची, डबा फिरवायची. जेवण गरम आहे की गार, हे पोटात गेल्यावरही कळत नसे. लोकांनी सांत्वनाला यायचं बंद केलं तेव्हा तिला बरं वाटलं की वाईट, तेही तिला सांगता आलं नसतं.

नऊच्या सुमारास गर्दीतून एक गोरी बाई आली. साठीची, उंच, उन्हाने नाक लालबुंद झालेलं, डोक्यावर इथल्याच बाजारातली गवती टोपी, तीही मागची बाजू पुढे करून घातलेली. अशा बाया पाक फानांगला येत नाहीत. हिला बहुतेक चुकीच्या गाडीत बसवून दिलं असावं, असं पिरोमने ठरवून टाकलं.

“एकटीच दिसतेय,” पिरोम उराईला म्हणाली. “नवऱ्याने टाकलं वाटतं.”

“एकटी, हो,” गोरी बाई हसून म्हणाली. “नवरा नाही. एकटी छान.”

 पिरोम अशी काही हसली की मासळीवरच्या माश्या उठल्या. “अगं बाई, हिला कळतं की! या, मावशी, या. सावलीत या.”

मावशींना कळत होतं थोडंच, पण तेवढ्याचा त्यांना फार अभिमान होता. त्या बोट दाखवत आणि मोजत. कोळंबीचे वाटे मोजले. नारळ मोजले. नदीपलीकडे विकायच्या घरट्यांसाठी पाकोळी पक्षी पाळायच्या बिनखिडक्यांच्या उंच इमारती आहेत, त्यांच्या गच्चीवरच्या कर्ण्यांतून पक्ष्यांना बोलवायला दिवसभर खोटा चिवचिवाट चालतो. त्या इमारतीही मावशींनी मोजल्या. प्रत्येक मोजणीनंतर विचारायच्या, “बरोबर?” आणि पिरोम म्हणायची, “शंभर टक्के!” मोजणी बरोबर असो की नसो.

उराईच्या तव्यापुढे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. “फार सुंदर,” त्या म्हणाल्या. “हात उलटा. माझाही उलटा.” आणि डावा हात वर करून दाखवला. उराईने मान हलवली. एरवी एखादीला हसू आलं असतं.

“हे कोणाला?” मावशींनी लाच्या घड्यांकडे बोट केलं.

“मेलेल्यांना,” पिरोमने सांगितलं. “कपडे. आणि ते फोंग, ते होडीसारखे. एक माणूस, एक तराफा. आमच्या लामूनकाकूंच्या माहेरची रीत आहे, फोंगची पिशवी बांधताना नाव घ्यायचं मनात. ज्याचं नाव, त्याचा तराफा. कळलं?”

“कळलं. मेलेला माणूस, एक तराफा.” त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. टेबलाखाली एक भरलेली टोपली बाजूला ठेवलेली होती, वर कागदी झेंडा खोवलेला. “ही विकायची?”

“ती नाही. ती घरची,” उराई म्हणाली.

“घरचे किती?” आणि कुणी उत्तर द्यायच्या आत मावशी खाली वाकल्या. टोपलीच्या एका कडेला फोंगच्या पिशव्या उभ्या लावलेल्या होत्या, लव्हाळ्याच्या दोरीने तोंडं बांधलेल्या. एकेका पिशवीवर बोट टेकवत त्यांनी शाळेतल्या पोरीसारखं खणखणीत मोजलं. “एक. दोन. तीन. चार.” आणि वर पाहिलं. “चार. बरोबर?”

“तीन,” उराई म्हणाली. तिचा डबा फिरतच होता. “सासरे, माझी आई, माझे वडील. तीन.”

“तीन?” मावशी गोंधळल्या. पुन्हा वाकून मोजलं, या वेळी हळू, आपलीच मोजणी चुकत असेल या भीतीने. “एक. दोन. तीन.” बोट थांबलं. “आणि हा.”

पिरोम या वेळी ‘शंभर टक्के’ म्हणाली नाही.

उराईने डबा बाजूला ठेवला. तव्यावरची जाळी करपायला लागली. तिने टेबलाखालून टोपली ओढली आणि पाहिलं. चार होते. ती सासूकडे वळली, आणि आवाज चढवून बोलली. इतक्या वर्षांत लामूनने तिचा असा आवाज ऐकला नव्हता.

“आई, हे तुम्ही घातलंत? मला न विचारता? माझ्या पाठीमागे?”

लामूनने झारा कढईच्या काठाला टेकवला. “मी हातही लावला नाही तुझ्या टोपलीला. मला नाक आहे. मी देवळात येणार नाही म्हणून सांगितलंय ना, मग चोरून कशाला घालू?”

“मग कुणी घातला?”

“बघू दे.” लामूनने चौथी पिशवी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, आणि गाठीवरून अंगठा फिरवला.  मग पिशवी सुनेच्या ओंजळीत ठेवली.

“तूच बघ,” ती हळूच म्हणाली. “माझ्या हातून दोरीचा एक वेढा धड बसत नाही. ही गाठ उलटी आहे. या बाजारात अशी गाठ कोण मारतं?”

उराईने गाठ पाहिली. तिचीच होती. डावीकडून घेतलेली, टोक आत खोचलेलं. पहाटे दिवा लावून तिने टोपली भरली होती. गिऱ्हाईक यायच्या आधी उरकायची म्हणून पटापट भरली होती. एक पिशवी, गाठ, नाव. दुसरी पिशवी, गाठ, नाव. तिला तीनच आठवत होत्या. पण तिच्या हातांनी चार बांधल्या होत्या, आणि तिला विचारलं नव्हतं.

“बांधताना नाव घेतलंस का?” लामूनने विचारलं.

“आठवत नाही.”

“आठव.”

“आठवत नाही हो, आई.” तिने गाठीचं खोचलेलं टोक चाचपलं. “घेतलं असेल.”

मावशींचा चेहरा उतरला होता. काहीतरी मोडलंय आणि ते आपण मोडलंय, एवढं त्यांना कळलं. त्यांनी टोपी काढली, हात जोडले. “चूक माझी. माफ करा. मोजणी चूक.”

उराईने त्यांच्याकडे नीट पाहिलं, सकाळपासून पहिल्यांदाच. तांबूस पांढऱ्या पापण्या, लाल नाक, घाबरलेली म्हातारी.

“नाही,” ती म्हणाली. “चारच आहेत. तुमचं बरोबर आहे.”

मावशींना धीर आला. त्यांनी लाची एक घडी विकत घेतली. ती कुणासाठी, हे काही त्यांनी सांगितलं नाही, आणि कधी नव्हे ते पिरोमनेही विचारलं नाही. त्या गर्दीत गेल्या. त्यांची टोपी बराच वेळ डोक्यांच्या वर दिसत राहिली, मग मिरच्यांच्या दुकानाच्या वळणावर दिसेनाशी झाली.

पिरोमने आपल्या दुकानातून सुक्या मासळीची एक जुडी उचलली आणि टोपलीत ठेवली. वीनितला हीच मासळी आवडायची. हे तिला पहिल्यापासून माहीत होतं आणि चार वर्षं तिने ते तोंडातून काढलं नव्हतं. म्हणजे स्वतःजवळ ठेवायला तिलाही येत होतं तर.

उराईने करपलेली जाळी तव्यावरून खरवडली, बोटांनीच. मग तशीच उभी राहिली, ती चौथी पिशवी हातात धरून. पिशवी सोडवावी असं तिला वाटलं नाही. रडावंसंही वाटलं नाही. फक्त आत कुठेतरी एक वाट पाहणं चालू होतं ते थांबलं होतं, आणि ते थांबल्यावर मागे इतकी रिकामी जागा राहील, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“एक पुरेल का, आई?” तिने विचारलं.

“काय?”

“तराफा. बाकीचे इथेच गेले, घरात, दवाखान्यात. त्यांना एवढीशी नदी ओलांडायची. तो समुद्रात आहे. लांब जायचंय त्याला.”

लामूनने परातीत हात घातला. वरचे दोन-तीन फोंग बाजूला सारले आणि सगळ्यात मोठा, कडेला न मोडलेला, शोधून काढला. तो तिने सुनेच्या हातात ठेवला.

“हा घे. एकावर बसेल, दुसऱ्यावर पाय पसरेल. पाय लांब होते मेल्याचे.” तिने बाहीने नाक पुसलं. “आणि या खेपेला मनात नको. मोठ्याने घे नाव. त्याला लांबून ऐकू गेलं पाहिजे.”

उराईने दोरी घेतली, डावीकडून वेढा दिला, टोक आत खोचलं. आणि भर बाजारात, नारळवाल्यांच्या आरोळ्यांच्या आणि कर्ण्यांतल्या त्या खोट्या चिवचिवाटाच्या वर, नदीकडे तोंड करून तिने चार वर्षांत पहिल्यांदा आपल्या नवऱ्याला हाक मारली.