अळणी मुकादम

ठाण्याच्या खाडीकाठच्या एका मिठागरावर काळुराम भोईर मुकादम होते आणि त्यांची जीभ हे तिथलं वरिष्ठ न्यायालय होतं. वाफ्यातलं मीठ काढायचं की नाही, हे ते दाणा जिभेवर ठेवून ठरवत. कडवट लागला तर वाफा आणखी दोन दिवस उन्हात. दिवसाला चाळीसेक वाफे असे निकालात निघत.

१९५३च्या फेब्रुवारीत त्यांना बांधावरच घेरी आली. नौपाड्यातले डॉक्टर हरिहर गुप्ते यांनी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, तर पारा दोनशे दहावर. एवढा मोठा आकडा आपला आहे, याचा काळुरामांना किंचित अभिमानच वाटला.

मुंबईच्या एका इस्पितळात तेव्हा रक्तदाबावर सर्पगंधेच्या मुळीपासून केलेल्या गोळ्यांची चाचणी चालली होती. गुप्ते तिच्यासाठी ठाण्यातून रोगी गोळा करत होते.

"ही मुळी येड्यांना देतात ना?" काळुरामांनी विचारलं.

"शहाण्यांनाही चालते. मीठ मात्र बंद. आणि सहा आठवड्यांत पारा उतरला नाही, तर उन्हातलं कामही बंद."

येडं ठरणं त्यांनी मनावर घेतलं नाही. पण बांधावर दुसराच कोणी दाणा चाखतोय, या कल्पनेने त्यांना घाम फुटला. त्या दिवसापासून ते अळणी भात आणि अळणी कालवण निमूट जेवू लागले.

गोळ्यांनी ते शांतही झाले. इतके, की मजूर धास्तावले. मुकादम शिव्या देत नाहीत म्हणजे मालक मिठागर विकतोय, अशी बातमी पसरली. पारा मात्र चार आठवड्यांनंतरही एकशे नव्वदच्या खाली येईना. गुप्त्यांनी काळुरामांसोबत त्यांच्या बायकोला, तुळसाबाईंना, बोलावून घेतलं.

"घरात मीठ देता का हो यांना?"

"चिमूट नाय, डॉक्टरसाहेब! पन आगरावर दिसभर चाखतात, त्याचं काय?"

"अगं, चाखणं म्हंजे खाणं काय?" काळुराम म्हणाले. "ते तर काम हाय."

गुप्त्यांनी तोडगा सुचवला. "बरं, चाखून थुंकून टाका."

"पिकल्या मिठात थुंकू? लक्षुमी हाय ती!"

हे वैद्यकाच्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. शेवटी तुळसाबाईच म्हणाल्या, "मी चाखते. माज्या बापाचाबी आगर होता."

"मग मुकादम कोन?"

"तुमीच. वरडायला तुमीच लागाल."

सहाव्या आठवड्यात पारा एकशे चौसष्टवर आला. काळुराम खूश. आपलं नाव आता मुंबईला छापून येणार, असं ते धरूनच चालले होते. पण गुप्त्यांनी चाचणीच्या यादीतून त्यांना वगळलं. उतार गोळीने पडला की चाखणं थांबल्याने, हे सांगता येत नव्हतं.

"मी बरा झालो तो मोजायचा नाय?"

"नाही. पण कामावर जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसाबाईंनी पहिल्या वाफ्यातला दाणा तोंडात टाकला, नाक मुरडलं आणि मान हलवली. काळुरामांनी बांधावर उभं राहून, मोठ्या आवाजात पण बऱ्याच सभ्य भाषेत, मजुरांना दोन दिवस थांबायला सांगितलं.