आत्याचं सोलर, गल्लीचं लिंब

गुरुवारी दुपारी ऑफिसात आत्याचा फोन आला. "तुझं सोलर ठरलं बरं का. शनिवारी माणूस मापं घ्यायला येणार. त्याच्यानंतर दारातलं लिंब तोडायचंय."

"लिंब? का?"

"सावली पडती म्हणं पॅनलवर. तूच म्हणलीस ना, पर्यावरणासाठी करावं लागतंय."

मीच म्हणाले होते. वर्षभर दर रविवारी फोनवर माझं तेच पालुपद. आपण कोळसा जाळून वीज करतो, त्यातून निघणारा वायू हवेत साठतो, पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, म्हणून आत्या, सोलर घे. शेवटी ती हो म्हणाली. आणि आता माझ्या उपदेशापायी आत्याच्या सोयगावातलं अख्ख्या गल्लीला सावली देणारं कडुलिंबाचं झाड जाणार होतं. शुक्रवारची रजा टाकली. साहेबांना कारण सांगितलं, "घरगुती".

सकाळी सहाला निघाले. निघण्याआधी गॅस तीनदा पाहिला, मीटरचं रीडिंग वहीत लिहिलं, कुलूप ओढून पाहिलं. रीडिंगची सवय आत्यानंच लावलेली. लहानपणी दम्यामुळे मला शाळेत उशिरा घातलं. त्याआधीची तीन वर्षं मी सोयगावला आत्याकडे शिकले. वजाबाकी शिकले ती विजेच्या मीटरवर: आजचा आकडा वजा कालचा आकडा. गणित चुकलं तर खोडू द्यायची नाही. "चुकलेलं दिसू दे," म्हणायची, "खोडलं की परत चुकतंय."

बसस्थानकाकडे जाताना क्रांती चौकात रिक्षा सिग्नलला थांबली. समोर कुणाच्या तरी वाढदिवसाचं भलंमोठं फ्लेक्स. खाली लिहिलं होतं, "झाडे लावा, वसुंधरा वाचवा", आणि सूर्य उगवलेला असूनही त्यावर आठ दिवे जळत होते. मी मोजले.

जाणाऱ्यांसाठी: मध्यवर्ती बसस्थानकातून सिल्लोड, अजिंठा मार्गे जा. थेट सोयगाव गाडी मिळाली तर नशीब, नाहीतर फर्दापूरला उतरून जीप. एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे. जीप मात्र भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे पाण्याची बाटली हवीच. सिल्लोडला भजी गरम मिळाली, चहा गोड होता. सकाळी जाताना डाव्या बाजूची खिडकी धरा, येताना उलट, असं पूर्वी सांगता यायचं, कारण कडेच्या झाडांचा हिशोब करून बसता यायचं. आता झाडं तोडून रस्ता ऐसपैस झालाय आणि ऊन दोन्हीकडून येतं.

फर्दापूरला जीपची वाट पाहत होते. लेणी पाहायला आलेल्यांच्या गाड्या रांगेत उभ्या. त्यातल्या एका गाडीचं इंजिन चालू, काचा बंद, ड्रायव्हर आत झोपलेला. वीस मिनिटं सहन केलं, मग काच वाजवली.

"दादा, इंजिन बंद करा ना."

"मॅडम, साहेब लेणी बघून आले की त्यांना गार गाडी लागती."

"केव्हा येणार?"

"बारा वाजता." तेव्हा दहा वाजले होते.

सोयगावला पोचले तर लिंबाखाली शमीम भाभींचं शिलाई मशीन खडखडत होतं. भाभी समोरच्या पत्र्याच्या घरात राहतात. मार्च ते जून त्यांचं मशीन लिंबाखालीच असतं, आत बसलं तर हातातलं कापड घामानं ओलं होतं.

"आली का हमारी पर्यावरणवाली?" भाभींनी मशीन थांबवलंच नाही. "झाड कटा तो मशीन कुठं ठेवू? तुझ्या डोक्यावर?"

"भाभी, तोडू देणार नाही."

"पहले आग लगाती, फिर पानी लाती."

आत्यानं कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. जेवताना भाभीही येऊन बसल्या आणि मुद्द्यावरच आल्या. "गरमी अपनने बढ़ाई बोलते. मैंने कैसे बढ़ाई? माझ्याकडं एक पंखा हाय."

आत्या म्हणाली, "असं समज, पृथ्वीवर गोधडी हाय. आधी एक होती, बरी होती. आता कारखाने, गाड्या, वीज, सगळ्यांनी गोधडीवर गोधडी टाकलीय. आणि टाकली की निघत नाय, लई वर्षं."

"टाकनेवाले कौन?"

"जास्त वापरणारे," मी म्हणाले.

"मग त्यांचं झाड तोडा!"

मला राग येत होता, कारण त्या बरोबर होत्या.

दुपारी खडू घेऊन गच्चीवर गेले. लिंबाची सावली जिथं पोचेल तिथं दर तासाला रेघ. पाच वाजेपर्यंत पश्चिमेकडची अर्धी गच्ची रेघांनी भरली. पूर्वेचा कोपरा कोरा राहिला. तरी मला धीर येईना. थंडीत सूर्य दक्षिणेला जातो, तेव्हा सावली कुठं पडेल?

"त्या कोपऱ्यात?" आत्या हसली. "तिथं मी वाळवण घालते. मिरच्या, पापड, शेवया, दिवाळीत चिवड्याचे पोहे. चार वाजेपर्यंत सावली नाय येत, बाराही महिने. मला इचारायचं ना."

खरंच, विचारायचं सुचलंच नव्हतं. सांगत मात्र वर्षभर होते.

शनिवारी सोलरवाले आले. पन्नाशीचे गृहस्थ, खिशाला तीन पेनं. लिंबाकडे पाहून म्हणाले, "हे काढा. सहा पॅनल बसतील, तीन किलोवॅट. पर्यावरणासाठी एवढं तरी करावं लागतं."

"तोडायला परवानगी?"

"कोण विचारतंय, मॅडम."

मी आत्याची वही पुढं केली. तीस वर्षांची रीडिंगं. गेल्या वर्षात एकाही महिन्यात सत्तर युनिटच्या वर नाही. रात्री दोनदा बेरीज तपासली होती. "एक किलोवॅट पुरून उरतं. दोन पॅनल, त्या कोपऱ्यात. तीन किलोवॅटची वीज ही बाई कुठं घालणार?"

"पुढं एसी घेतील की! गरमी बघा किती वाढतीय."

माझा आवाज चढला. "म्हणजे झाड तोडायचं, मग गरम होतं म्हणून एसी लावायचा, आणि त्याला पर्यावरण म्हणायचं?"

"दोन पॅनलसाठी एवढ्या लांब कोण येतंय?"

"नका येऊ," आत्या शांतपणे म्हणाली. "चहा घेऊन जा."

चहा पिऊन ते गेले. संध्याकाळी फोन आला: दोन तर दोन, बुधवारी बसवतो.

"आणि वाळवण?" मी गच्चीवर आत्याला विचारलं. तिचा कोपरा जाणार होता.

उत्तर खालून भाभींनी दिलं. "मेरे पत्रे पे डाल. पापड सोड, भजी तळून निघतील."

सोलर घेणार असाल तर आधी वर्षाची बिलं मांडून बसा, दिवसभर सावलीच्या रेघा मारा, आणि घरात वाळवण कोण घालतं, त्या माणसाला विचारा. झाड तोडा म्हणणाऱ्याला चहा द्या आणि वाटेला लावा.

रविवारी सकाळी निघताना आत्याच्या मीटरचं रीडिंग घेतलं. संध्याकाळी घरी पोचून माझ्या मीटरचं. दोन्ही वजाबाक्या केल्या. शुक्रवारपासून आत्याकडे फ्रीज, पंखा, दिवे, टीव्ही, माझा फोन: पाच युनिट. माझ्या कुलूपबंद घरात: नऊ. पुन्हा करून पाहिलं. नऊच.

न्हाणीघरात गिझरचा लाल दिवा जळत होता. गॅस तीनदा पाहिला होता, गिझर एकदाही नाही. फ्लेक्सवरचे दिवे मात्र मोजले होते.

आत्याला फोन केला.

"नऊ? घरात कुणी नसताना?" ती इतकी हसली की मागून मशीन थांबल्याचं ऐकू आलं. तिनं तिथंच ओरडून सांगितलं असणार, कारण भाभींचा आवाज आला, "उसका झाड काटो!"

"माझ्याकडे झाड नाही," मी म्हणाले.

"मग वही तर हाय ना," आत्या म्हणाली. "लिही. खोडू नको."

नऊ लिहिलं. शेजारी "गिझर" लिहिलं. आणि उद्याच्या तारखेपुढं जागा सोडली.