डॉबरमनचे लोंबते कान

मंडळी, आज सकाळी आमच्या घरात कानांचा विषय निघाला. माणसांच्या नाही, कुत्र्याच्या.

आमचा रॉकी डॉबरमन आहे, अजून पिल्लूच. जो येतो तो हसतो, "डॉबरमन आणि कान असे लोंबते?" शेवटी आज कान कापून उभे करून आणायचे ठरवले आणि गाडी बाहेर काढली.

नव्वदी पार केलेले माझे वडील, आप्पा, खाटेवर बसले होते. "कोठे ली चालना त्याले?" मी सांगितलं. त्यांनी पिल्लाचा कान हलकेच बोटांत धरला.

"मन्हा बापनी बी कापेल व्हतात."

आप्पांचं लहानपण ब्राह्मणपुरीत गेलं, इंग्रजांच्या राज्यात. कान कापले की कुत्रं कडक निघतं, असं तेव्हा गावात मानायचे. आजोबांनी खळ्यावरच्या पिल्लाचे कान विळ्यानं कापले आणि वर राख लावली.

"मग निघालं कडक?"

"निंघनं ना! पन मन्हा बापना हातनी भाकर त्यानी कधी खादी नही. बाप भाकर ठी दे, दूर जाये, मंग खाये."

पुढे पुढे भाकर ठेवायला आजोबा आप्पांनाच पाठवायचे.

मी गाडी परत आत लावली. लोंबते कान रोज पुसून कोरडे ठेवावे लागतात, तेवढं करेन.

कुत्रं जातीला शोभावं म्हणून तुम्हीही असं काही केलंय का?

मघाशी मी हाक मारली. रॉकी दोन्ही कान फडफडवत आला आणि माझ्या हातातली भाकर त्यानं हातातूनच खाल्ली.