मनगटावरचा पट्टा आणि सुनंदाची शुगर

आमच्या ओपीडीत किस्से कुणी जमवत नाही, फ्रीजवर औषधांच्या चिठ्ठ्या साठाव्यात तसे ते आपोआप साठतात. मी सोलापुरातल्या एका प्रसूतिगृहात फिजिओथेरपिस्ट. गरोदर बायकांना चालवायचं आणि त्या किती चालल्या ते मोजायचं, हे माझं काम. चालवणं सोपं आहे हो. मोजण्यात माझं डोकं पार बाद झालंय.

* * *

सुनंदा आली तेव्हा सातवा महिना होता. माहेर करकंबचं, सासर शुक्रवार पेठेत, घरात कडक भाकरीचा धंदा. शुगर वाढलेली. डॉक्टर मॅडमनी बजावलं, "पथ्य पाळ, रोज चाल. पुढच्या तपासणीत शुगर उतरली नाही तर इन्सुलिन सुरू." आणि सुनंदाला सुईची इतकी भीती, की रक्त घेताना दोघींनी धरावं लागलं होतं.

मी विचारलं, "दिवसभरात व्यायाम काय होतो?"

"कायच न्हाय."

"मग करतेस काय दिवसभर?"

"झाडलोट, धुणं, पाणी भरते, मग भाकऱ्या."

"अगं, हा व्यायामच की!"

"हे काम हाय, मॅडम. व्यायामाला आमाला येळ कुटं हाय?"

ते काम कशात धरायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

* * *

मग म्हटलं, बिनयंत्राची पद्धत बघू. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणण्याइतका दम उरता कामा नये. तसं असेल तर वेग बरोबर.

शबाना आठव्या महिन्यातली. तिला घेऊन व्हरांड्यात चालायला लागले. तिनं नणंदेच्या लग्नाची गोष्ट काढली. मेहंदी झाली, बिर्याणी झाली, नवऱ्याकडचे रुसले, तरी हिचा श्वास जागेवर. म्हणून मी वेग वाढवला. ती वेगात बोलत राहिली. मी आणखी वाढवला.

शेवटी तीच थांबली. मला दंडाला धरून बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि काळजीनं विचारलं, "मॅडम, तुमको कितवा महिना चालू है?"

* * *

मग मनगटाला बांधायचे पट्टे आले. पावलं मोजतात म्हणे.

बँकेत नोकरी करणाऱ्या एका बाईंचा आकडा पहिल्याच दिवशी भरपूर. मी कौतुक केलं, तर त्या गोंधळल्या. "अहो, मी दिवसभर खुर्चीत असते. जाता-येता यांच्या मोटरसायकलवर मागे बसते, तेवढंच."

कुठल्या रस्त्यानं जाता, ते मी विचारलं. त्यांनी रस्ता सांगितला आणि सगळा उलगडा झाला. पट्ट्यानं खड्डे मोजले होते.

* * *

सुनंदाचा आकडा मात्र सगळ्यांच्या वर. शुगर होती तिथेच. डॉक्टर मॅडम चक्रावल्या. "ही एवढी चालते, तर शुगर हलत का नाही?" त्यांनी इन्सुलिनचं नाव काढताच सुनंदाचे डोळे भरून आले.

मला राहवेना. मी तिच्या घरी गेले. चुलीपुढे मांडी घालून ती भाकऱ्या थापत होती. थाप पडली की पट्ट्यावरचा आकडा वर. पाटावर बसल्या बसल्या ही बया मंगळवेढ्याला जाऊन आली होती.

सासूबाई म्हणाल्या, "शुगर निघाल्यापासनं झाडलोट, पाणी समदं मी बघते. ही बसूनच काम करतीया. भाईर पाऊल टाकू देत न्हाय तिला. जपतोय की आमी."

मी कपाळाला हात लावला. दोघींना समोर बसवून सांगितलं, की चालली नाही तर सुई नक्की. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. डॉक्टर मॅडमकडून मी आणखी एका तपासणीची मुदत मागून घेतली आणि पट्टा मनगटावरून काढून पायात बांधला.

* * *

पट्ट्याचा आकडा माझ्या मोबाइलवर दिसायचा. आता तो जवळजवळ शून्य. मी फोन केला, "सुनंदा, चाल गं बाई."

"चालते की, मॅडम."

पुन्हा शून्य. लेकरू खोटं बोलतंय म्हणून मला वाईट वाटलं, रागही आला.

तपासणीच्या दिवशी सासू-सून दोघी आल्या. पट्ट्याचा आकडा बघून डॉक्टर मॅडमनी इन्सुलिन लिहायला पेन उचललं. सुनंदानं सासूबाईंचा पदर मुठीत घट्ट धरला. तेवढ्यात लॅबमधून रिपोर्ट आला.

शुगर उतरली होती. चांगली उतरली होती.

डॉक्टर मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या, मी पट्ट्याकडे. "बंद पडलाय का हा?" त्यांनी विचारलं.

"चालू हाय त्यो," सासूबाई म्हणाल्या. "रोज सांजच्याला मी सोता हिला तळ्याकडनं फिरवून आणते. निघायच्या आदी त्यो काढून डब्यात ठेवते."

"अहो, पण का?"

"जेवणाऱ्याचे घास कोण मोजतं का, मॅडम? मग पोटुशीची पावलं मोजायची व्हय? नजर लागती." सुनेच्या मुठीतून पदर सोडवून घेत त्या उठल्या. "लेकरू हातात येऊ द्या. मग मोजा की, काय मोजायचं ते."