वीस मिनिटं लेट

मलकपेठचे नामदेवराव रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झाले, त्यांची भूक मात्र ड्यूटीवरच राहिली. डॉक्टर सून त्रिवेणीने समजावलं, "मामा, भुकेचं हार्मोन मेंदूला लगेच हाक मारतं. पोट भरल्याचा निरोप पोचायला मात्र वीस मिनिटं लागतात. सावकाश जेवा."

"वीस मिनिटं लेट?" नामदेवरावांचे डोळे चमकले. "म्हणजे तोवर लाइन क्लिअर!"

घड्याळ समोर ठेवून त्यांनी एकोणीस मिनिटांत सात भाकऱ्या आणि पातेलंभर बगारा बैंगन फस्त केलं.

दुसऱ्या दिवशी पहिली भाकरी संपताच त्यांनी ताट पुढे केलं. बायकोने, चतुराबाईंनी, शांतपणे तवा उतरवला आणि स्टेशनवरच्या बाईच्या सुरात सांगितलं, "दुसरी भाकरी वीस मिनिटं उशिरा धावत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."