मीटरचा काटा
जळक्या ऑइलचा वास आला की आमचं चाळीसगावकडचं अंगण डोळ्यांपुढे येतं. थोरल्या भावाने जुनी डिझेल गाडी घेतली होती आणि इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दाब दाखवणारं मीटर हौसेने बसवलं होतं. सकाळी थंड गाडी न्यूट्रलला ठेवून तो रेस द्यायचा, दोरीवरचे कपडे धुराने काळे व्हायचे, चहा झाला की पाहुण्यांनाही तो हेच करून दाखवायचा. उभ्या गाडीच्या इंजिनावर ओझंच नसतं, काटा हलणार कसा? पण हा म्हणायचा, "टर्बो झोपेल शे, तेले जागं करनं पडी," आणि आणखी जोरात दाबायचा. थंड इंजिनातलं ऑइल टर्बोपर्यंत पोचायच्या आतच रेस बसायची, त्यामुळे तो रोज झिजत होता. चैत्रात एका दुपारी आमच्या वडिलांच्या, आबांच्या छातीत कळ आली. मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी बसलो आणि आम्ही धुळ्याच्या दवाखान्याकडे निघालो. चढावर काटा पहिल्यांदाच सरसर वर गेला. "आबा, दखा, काटा चढना!" भाऊ भान विसरून ओरडला. तेवढ्यात शिट्टीसारखा आवाज होऊन झिजलेला टर्बो फुटला, मागे निळा धूर पसरला आणि गाडी बंद पडली. दुसरी गाडी थांबेपर्यंत आबांचा हात माझ्या हातात गार झाला होता. अजूनही सिग्नलला कुणी उभ्या गाडीला रेस दिली की मी मागच्या सीटकडे वळून पाहतो.