तेविसावे नाव

सन १९३३, एप्रिल महिन्याचा पहिला रविवार. मुक्काम निपाणी. प्रभुभोजनाला हजर, पाळकसाहेब सोडून: मंडळीचे पंच दावीदअण्णा, त्यांची पत्नी, थोरला मुलगा आणि सून, मी, आणि बाकी सतरा जण. एकूण बावीस. गैरहजर एक: सलोमी, म्हणजे माळावरच्या वस्तीतली सालूबाई. सलग तिसरा महिना.

हे टिपण माझ्याच हातचे आहे. मी शेहेचाळीस वर्षांची आहे, वैधव्याला बारा वर्षे झाली, आणि घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणे हे माझे काम आहे. मंडळीची हजेरी, भेटींची यादी, कंदिलाचे तेल, सतरंज्यांची मोजदाद, सारे माझ्याकडे असते. प्रभुभोजनाचा रसही मीच करते. आदल्या दिवशी मनुका भिजत घालायच्या, कुस्करायच्या, फडक्यातून दोनदा गाळायच्या आणि तेवीस माणसांचे तेवीस घोट मोजून पेल्यात ओतायचे. एक घोट कमी नाही, एक जास्त नाही. याचा मला अभिमान होता. प्रार्थनेत मात्र तेव्हा काही राम उरला नव्हता. सकाळी गुडघे टेकायचे, नावे घ्यायची, उठायचे. दळण टाकून यावे तसे.

पेला यादीच्या क्रमाने फिरे आणि यादी बाप्तिस्म्याच्या क्रमाने होती. दावीदअण्णांचे घर पहिले, मी पाचवी, सालूबाई तेविसावी. कोणी विचारले तर हे कारण मी ठणकावून सांगू शकत होते, आणि ते खरेही होते. पण तेवढेच खरे नव्हते. आम्ही बाकी सगळे गावकुसाबाहेरच्या मोठ्या वस्तीतून आलो होतो. सालूबाई एकटी दोर वळणाऱ्यांच्या वस्तीतून, सर्वांत शेवटी आली. आमच्या आज्या-पणज्यांनी दोरवाल्यांच्या हातचे पाणी कधी घेतले नव्हते. बाप्तिस्म्याबरोबर जात गेली असे आम्ही बाजारात उभे राहून सांगत होतो, आणि आमच्या यादीमुळे तिच्यानंतर पेल्याला तोंड लावायची पाळी कोणावरच येत नव्हती. हे मी मुद्दाम केले नव्हते. पण लक्षात आल्यावरही बदलले नाही, एवढे इथे कबूल करते.

डिसेंबरात पेला तिच्यापर्यंत पोचला तेव्हा रिकामा होता. कोणाचा तरी घोट मोठा झाला असेल. तिने पेला उंच करून तोंडाशी उपडा धरला. मी वाकून हळूच म्हटले, "ओठ लाव. श्रद्धा असली की पुरते." जानेवारीत पुन्हा तसेच झाले. फेब्रुवारीपासून ती आली नाही आणि मी तिच्या नावापुढे गैरहजेरी मांडत गेले. रिकाम्या पेल्याची मला एकदाही आठवण झाली नाही.

त्या रविवारी उपासना संपल्यावर दावीदअण्णा म्हणाले, "बाई, तीन महिने झाले. आता नाव कमी करा. कुठवर वाट बघायची?"

पाळकसाहेबांकडे पाच गावे होती. ते निघायच्या घाईत होते. ते म्हणाले, "बाईंनी एकदा जाऊन यावे. पुनरुत्थानाच्या रविवारीही ती आली नाही, तर नाव काढू." म्हणजे दोन आठवडे हातात होते. मी गुरुवार ठरवला.

गुरुवारच्या कामांची यादी अजून माझ्यापाशी आहे. वखारीमागच्या गल्लीतल्या चार भेटी, मग माळ, दुपारच्या आत परत. सोबत घ्यायचे सामान: शास्त्र, हजेरीचे पुस्तक, छत्री, पाण्याचा तांब्या. चारही वस्तूंपुढे मी आदल्या दिवशीच खूण करून ठेवली होती. तांब्या मात्र घरीच, चुलीपाशी राहिला. वखारीत तंबाखू निवडणाऱ्या बायकांनी बोलत बसवले आणि मला निघायलाच अकरा वाजले. तिथेही मी पाणी मागितले नाही. यादीत तांब्या होता, म्हणून पिशवीतही असणारच असे धरून चालले.

माळावरून वस्ती कोसभर लांब. तंबाखूची शेते कापून झालेली, जमीन काळी आणि तडकलेली, सावली म्हणावी तर बांधावरच्या घायपाताची. निम्म्या वाटेत घसा कोरडा पडला. पिशवीत हात घातला तेव्हा तांब्या नाही हे कळले. परत फिरावे तेवढेच अंतर पुढेही होते. तशीच पुढे निघाले आणि वस्ती जवळ येता येता छत्री जड झाली. मग डोळ्यांपुढे पिवळे पिवळे दिसू लागले आणि मी खाली बसले, की पडले, ते सांगता येत नाही. प्रार्थना करायला गेले तर शब्द सुचेना. मनात फक्त हजेरी चालू होती. नावे क्रमाने येत होती: दावीदअण्णा, त्यांची बायको, मुलगा, सून, मी. बावीस नावे झाली. तेविसावे काही केल्या आठवेना. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करी आणि पुन्हा तिथेच अडके. आपण इथेच मरणार, आणि हे एक नाव न घेता मरणार, अशी भीती वाटली. इतकी एकटी मी नवऱ्याला मूठमाती दिली त्या दिवशीही नव्हते.

"कोन हाय गं तितं?"

घायपाताआडून कोयता घेऊन सालूबाईच बाहेर आली. तो निपाणीच्या बाजाराचा दिवस. त्या दिवशी ती दोर विकायला गावात असते, माळावर नसते; गुरुवार ठरवताना हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. पण आदल्या दिवशी तिच्या पायात काटा मोडला होता. चालवेना, म्हणून ती घरामागेच दोरासाठी घायपाताची पाती कापत होती. हे मी घडले तसे लिहिते. काटा कोणी मोडला, याचा वाद मला घालायचा नाही.

"बाई? तुमी? आवो, ह्या उनात कुटं निगालाता?"

तिने मला ओढत बांधाच्या सावलीत नेले, पदर भिजवून कपाळावर ठेवला आणि आपला तांब्या उचलला. तो माझ्या तोंडापाशी आणता आणता ती थांबली.

"वंजळ करा," ती म्हणाली. "वरनं वतते. तुमच्या तोंडाला माजा तांब्या न्हाय लावत, भिऊ नगा."

ओंजळीने पिण्याचा अर्थ मला कोणी शिकवायला नको. लहानपणी आईचा पदर धरून मी पाटलांच्या पडवीखाली तशीच उभी राहिले आहे. वरून कोणीतरी धार सोडायचे, निम्मे पाणी कोपरावरून खाली जायचे. आई घरी येऊन हात पुसत बसायची. त्या दिवशी सालूबाईने 'तांब्या लावू का' असे विचारले नाही, कारण उत्तर तिला माहीत होते. 'दे इकडे तांब्या' एवढे म्हणण्याइतका आवाज माझ्या घशात होता. मी म्हणाले नाही. मी ओंजळ पुढे केली.

ती ओतत राहिली, मी पीत राहिले. तांब्या रिता झाला तेव्हा मला भान आले. पाणी तेवढेच होते.

"तुला?" मी विचारले.

"झऱ्याला हाय की. जाईन लंगडत." मग तिची नजर पिशवीतून डोकावणाऱ्या हजेरीच्या पुस्तकावर गेली. "माजं नाव काडाय आलासा?"

"तुला न्यायला आले."

"न्हिऊन बसवनार कुटं? श्येवटीच न्हवं?" ती कोयत्याची माती काढत बोलत होती, रागावून नाही. "दोन टायमाला प्येला उपडा क्येला बाई. टिपूस न्हवता. तुमी म्हनला, वट लाव. म्या मनात म्हनलं, देवाच्या घरात बी सालूच्या वाट्याला खरवडच."

मी पुस्तक पिशवीत आत ढकलले. तीच पुढे म्हणाली, "आनि त्यो दावीदअण्णा पितोय म्हंजे कसा, म्हस तळ्यावर सोडल्यागत. पुडच्यास्नी काय ऱ्हानार?"

मला हसू आले, आणि हसता हसता रडू आले ते आवरेना. ती बघत बसली. नंतर तिने मला हाताला धरून सडकेपर्यंत सोडले. तिचा पाय सुजला होता. पुढे एक गाडी मिळाली आणि मी घरी आले. तांब्या चुलीपाशी भरलेला होता. मी तो दोन दिवस रिता केला नाही.

शनिवारी दावीदअण्णांकडे जाऊन मी सांगितले की पेल्याचा क्रम बदलायचा आहे. ते शांतपणे म्हणाले, "क्रम मी लावलेला नाही. बाप्तिस्म्याचा आहे. तुम्हीच सांगत होता ना सगळ्यांना?" माझेच वाक्य होते, शब्दाला शब्द.

"माझे नाव शेवटी घालते," मी म्हणाले. "तिच्यानंतर मी पिईन."

त्यांनी उठून आतले दार लोटून घेतले. मग म्हणाले, "बाई, आज तुम्ही तिचा उष्टा पेला घ्याल, उद्या आमच्या घरी येऊन आमच्या भांड्यांना हात लावाल. माझ्या धाकटीची सोयरीक बेळगावात ठरत आली आहे. तिकडची माणसेही ख्रिस्तीच आहेत, पण विचारतात सगळे. मी काय सांगू?" त्यांचा आवाज उद्धट नव्हता, घाबरलेला होता. ते मला तेव्हा ऐकू आले नाही. मी म्हणाले, "प्रभूला काय सांगाल ते बघा," आणि उठून आले. हे बोलून मला बरे वाटले होते, हेही लिहून ठेवते.

पाळकसाहेबांना चिठ्ठी पाठवली. त्यांनी होकार कळवला. पुनरुत्थानाच्या रविवारी हजर एकोणीस, गैरहजर चार, दावीदअण्णांचे घर. सालूबाई काठी टेकत आली. रस मी भरपूर केला होता. तिने घोट घेतला आणि मला देण्याआधी पदराने पेल्याची कड पुसली. मी म्हणाले, "पुसू नकोस." पण तोवर पुसून झाली होती. तेविसावे नाव आता माझे होते. मी प्याले. बऱ्याच वर्षांनी तो घोट मला घशाखाली उतरताना कळला. आनंद झाला असे म्हणवत नाही. पुढचे चार पाट रिकामे होते. पण माळावर जसे कोणीतरी उचलून सावलीत ठेवले होते, तसेच पुन्हा ठेवल्यासारखे वाटले.

उपासनेनंतर सालूबाई पेला धुवायला थांबली. तळाशी रस उरला होता. "ह्यो चौगांचा वाटा ऱ्हायला," ती म्हणाली. "त्यास्नी आनाय कवा जानार?"

"ते आपणहून रुसले आहेत."

"मी बी रुसलेच व्हते की. मला आनाय उनातनं आलासा."

सालूबाईकडे मी मोठी होऊन गेले होते, पुस्तक घेऊन. दावीदअण्णांकडे जायचे तर लहान होऊन जावे लागेल, कारण ज्या क्रमाआड ते बसले आहेत तो मीच इतकी वर्षे जपला. त्यांच्या भीतीवर मी शास्त्र फेकून मारले. प्रभूचा शिष्य व्हायचे म्हणजे काय, हे मी वीस वर्षे दारोदार सांगत हिंडले. आता वाटते, ते बहुतेक एवढेच आहे: ओंजळ पुढे करायची आणि कोणाच्या हातून पाणी येईल ते आपण ठरवायचे नाही. मी सगळे नेमून ठेवले होते. त्यातले काहीच माझ्या उपयोगी पडले नाही. यादीत नव्हता तो काटा, यादीत शेवटी होती ती बाई, यांच्या हातून मला जीव परत मिळाला. त्याबद्दल मी रोज प्रभूचे उपकार मानते, आणि आता मानताना शब्द सुचतात.

दावीदअण्णांचे घर माझ्या दारापासून चाळीस पावलांवर आहे. सहा सोमवार झाले, आठवड्याच्या यादीची पहिली ओळ तीच असते आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तीच उतरवावी लागते. परवा त्यांची सून नळावर दिसली. तिने मान खाली घातली, आणि मीही. आज पुन्हा सोमवार. तांब्या भरून दाराशी ठेवला आहे. ओळ लिहून झाली आहे. या वेळी जाऊन आल्याशिवाय तिच्यापुढे खूण करायची नाही, एवढे ठरवले आहे. ती जागा अजून कोरी आहे.